डॉ. ऑटो लोवी आणि मज्जातंतूंचा निरोप



रात्री अंधारात जिना उतरताना पाय निसटला, किंवा अवेळी दारावर थाप पडली, की आपली छाती धडधडू लागते. तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम सुटतो, अंगावर काटा उभा राहतो. यातले काहीही आपण ठरवून करीत नाही. आपल्याला न विचारता शरीर हे सारे करून मोकळे होते. हे काम करणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला अनुकंपी मज्जासंस्था म्हणतात. डॉक्टर मंडळी तिला सिंपथेटिक म्हणतात. तिच्या जोडीला परानुकंपी नावाची दुसरी संस्था असते. पहिली शरीराला धावपळीसाठी सज्ज करते आणि दुसरी त्याला विसावा देते. एकीने हृदय जोरात चालते, दुसरीने ते सावकाश होते.

पण मज्जातंतू हा तर नुसता धागा. तो हृदयाला कसा सांगतो, की आता जोरात चाल किंवा आता सावकाश हो? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधून काढले ते डॉ. ऑटो लोवी हे यहुदी शास्त्रज्ञ होते. नोबेल पारितोषिक मिळवलेल्या या माणसाला दीडच वर्षाने तुरुंगात जावे लागले आणि पासष्टाव्या वर्षी देश सोडावा लागला. त्यांचे चरित्र आपल्या मुलानातवंडांना सांगावे असे आहे.

जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरी ३ जून १८७३ रोजी ऑटो लोवी यांचा जन्म झाला. वडील याकोब हे द्राक्षमद्याचे व्यापारी होते. घरची परिस्थिती चांगली होती. शाळेत लॅटिन, ग्रीक अशा जुन्या भाषांत ऑटो हुशार होता, पण गणित आणि पदार्थविज्ञान त्याला जड जाई. कलेचा इतिहास शिकावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती. मुलाने डॉक्टर व्हावे असे घरच्यांचे म्हणणे पडले, आणि १८९१ साली तो स्ट्रासबुर्ग येथे वैद्यकीच्या अभ्यासाला गेला. तेथेही वैद्यकीचा तास चुकवून तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानाला जाऊन बसायचे, असे त्याचे चाले. परिणाम व्हायचा तोच झाला. १८९३ ची पहिली परीक्षा तो कसाबसा पास झाला. पुढे मात्र अभ्यासात लक्ष लागले आणि १८९६ मध्ये ते डॉक्टर झाले.

फ्रांकफुर्टच्या रुग्णालयात काम करू लागल्यावर या तरुण डॉक्टरांचे मन फार खिन्न झाले. क्षयाचे आणि न्यूमोनियाचे रोगी डोळ्यांदेखत मरत, आणि त्यांना द्यायला औषध नव्हते. नुसते बघत राहणे लोवी यांना सोसवेना. रोग्याच्या खाटेजवळ आपला उपयोग नसेल, तर औषधे शरीरात काय करतात याचाच शोध घ्यावा, असे त्यांनी ठरविले. १८९८ मध्ये मारबुर्ग येथे औषधशास्त्राचे प्राध्यापक हान्स मायर यांच्या हाताखाली ते रुजू झाले. अन्नातील प्रथिने पूर्ण फुटली तरी त्यांच्या घटकांपासून प्राण्याचे शरीर पुन्हा प्रथिने बांधू शकते, हे त्यांनी १९०२ मध्ये दाखविले. त्यामुळे त्यांचे नाव झाले.

त्याच सुमारास ते काही महिने इंग्लंडला गेले. लंडनमध्ये त्यांची हेन्री डेल या दोन वर्षांनी लहान असलेल्या संशोधकाशी गाठ पडली. ही मैत्री पुढे जन्मभर टिकली. केंब्रिजला त्यांना लँगली आणि त्यांचा शिष्य इलियट हेही भेटले. या दोघांची नावे लक्षात ठेवावीत, कारण पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

त्या काळी शास्त्रज्ञांची समजूत अशी होती, की मज्जातंतूतून विजेसारखी लहर येते आणि तीच सरळ स्नायूत शिरते. पण यात एक अडचण होती. हृदयाकडे दोन प्रकारचे मज्जातंतू जातात. व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला सावकाश करतो आणि अनुकंपी मज्जातंतू त्याला वेग देतो. दोहोंतून येणारी लहर तर एकाच जातीची. मग एकीने हृदय मंदावावे आणि दुसरीने दौडावे, हे कसे?

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन नावाचे द्रव्य मिळते, हे तोवर कळले होते. ते टोचले की हृदय दौडू लागे, रक्तदाब चढे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होत. अनुकंपी मज्जातंतूंना डिवचल्यावर जे घडे, हुबेहूब तेच. हे पाहून १९०४ मध्ये तरुण इलियट यांनी एक सूचना केली. अनुकंपी मज्जातंतूच्या टोकाशी दर वेळी थोडेसे अॅड्रिनॅलिनच सुटत असेल काय? दुसऱ्याच वर्षी लँगली यांनी मांडले, की स्नायूच्या पेशीत असे द्रव्य ओळखून घेणारा काही खास घटक असला पाहिजे. आज त्यालाच आपण रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतो. निरोप आणणारा आणि निरोप घेणारा अशी जोडी तेव्हाच तर्काने दिसली होती, पण पुरावा कोणाजवळ नव्हता. लोवी यांच्याही मनात १९०३ मध्ये एका मित्राशी बोलताना असाच विचार येऊन गेला. त्याची परीक्षा कशी घ्यावी हे सुचले नाही, आणि तो विचार सतरा वर्षे विस्मरणात पडला.

१९०८ मध्ये रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकांची कन्या गुइडा हिच्याशी लोवी यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुलगे व एक मुलगी झाली. १९०९ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स विद्यापीठात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. पुढची एकोणतीस वर्षे ते तेथेच राहिले.

आता ती प्रसिद्ध रात्र. लोवी यांच्या स्वतःच्या आठवणीप्रमाणे साल १९२० होते. ईस्टरच्या रविवारची आदली रात्र होती. झोपेतून ते एकाएकी जागे झाले, दिवा लावला, चिटोऱ्यावर काहीतरी खरडले आणि पुन्हा झोपी गेले. सकाळी सहा वाजता आठवले, की रात्री आपण फार महत्त्वाचे काही लिहिले आहे. चिटोरा तर सापडला, पण आपलेच अक्षर आपल्याला लागेना! स्वप्नही आठवेना. तो सबंध रविवार त्यांनी तळमळत काढला. रात्री तीन वाजता तोच विचार पुन्हा आला. या वेळी त्यांनी कागदाचा भरवसा धरला नाही. उठले, आणि तसेच प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग इतका साधा होता, की शाळेतल्या मुलालाही समजावा. त्यांनी दोन बेडकांची हृदये काढून घेतली. बेडकाचे हृदय शरीराबाहेर क्षारांच्या पाण्यात ठेवले तरी बराच वेळ चालत राहते. एका हृदयाचा मज्जातंतू त्यांनी तसाच ठेवला, दुसऱ्याचा कापून टाकला. पहिल्या हृदयाच्या व्हेगसला काही मिनिटे विजेने डिवचले. ते मंदावले. मग त्या हृदयातले क्षारांचे पाणी काढून दुसऱ्या हृदयात घातले. दुसऱ्या हृदयाला मज्जातंतू नव्हता, कोणी त्याला डिवचलेही नव्हते. तरी ते मंदावले. नंतर पहिल्या हृदयाच्या वेग देणाऱ्या अनुकंपी मज्जातंतूला डिवचले आणि तेव्हाचे पाणी दुसऱ्या हृदयात घातले. तेही जोरात धडधडू लागले.

दोन हृदयांना जोडणारे पाण्याशिवाय दुसरे काहीच नव्हते. म्हणजे निरोप पाण्यातून गेला. मज्जातंतू आपल्या टोकाशी एक रासायनिक द्रव्य सोडतो, आणि तेच द्रव्य हृदयाला काम सांगते. दोन मज्जातंतूंची द्रव्ये निराळी, म्हणून परिणाम निराळे. इतक्या वर्षांचा तिढा असा सुटला.

लोवी यांनी पुढे प्रांजळपणे कबूल केले, की दिवसाउजेडी नीट विचार केला असता तर हा प्रयोग त्यांनी केलाच नसता. मज्जातंतूने द्रव्य सोडलेच, तर कामापुरते थोडेसे सोडावे. ते आसपासच्या पाण्यात उतरण्याइतके जास्त कशाला असेल? शहाण्या माणसाने असा हिशोब करून बेत सोडून दिला असता. अर्धवट झोपेत हा हिशोब सुचला नाही, हेच बरे झाले.

१९२१ मध्ये हा शोध छापून आला. पण सगळ्यांनी तो लगेच मानला नाही. दुसऱ्या प्रयोगशाळांत काहींना तो प्रयोग जमेना. बेडकाची जात आणि ऋतू बदलला, की निकाल बदले. कुजबूज सुरू झाली. १९२६ मध्ये स्टॉकहोम येथे शरीरशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा लोवी यांना सर्वांसमक्ष प्रयोग करून दाखविण्यास सांगण्यात आले. एकाच हृदयावर त्यांनी तो अठरा वेळा करून दाखविला.

व्हेगसचे द्रव्य कोणते, हेही लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याच वर्षी बहुतेक निश्चित केले. ते होते अॅसिटिलकोलीन. हे द्रव्य तेथल्या तेथे झटकन नष्ट होते, म्हणून तर ते इतके दिवस कोणाच्या हाती लागले नव्हते. अनुकंपी मज्जातंतूच्या द्रव्याला अधिक काळ लागला. बेडकाच्या हृदयात ते अॅड्रिनॅलिनच असते, असे लोवी यांनी १९३६ मध्ये मांडले. इलियट यांचा बत्तीस वर्षांपूर्वीचा तर्क असा फळाला आला.

तिकडे लंडनमध्ये मित्र डेल याच वाटेने चालले होते. त्यांच्याकडे १९३३ मध्ये विल्हेल्म फेल्डबर्ग नावाचे एक यहुदी संशोधक आले. हिटलरचे राज्य येताच बर्लिनमधील त्यांची जागा गेली होती. येताना ते एक खुबी बरोबर घेऊन आले. जळवेच्या स्नायूची पट्टी योग्य औषध लावून टांगली, की अॅसिटिलकोलीनचा लवलेश असला तरी ती आखडते. तिच्या मदतीने एक नवी गोष्ट सिद्ध झाली. अनुकंपी मज्जातंतूंची वाट पाठीच्या कण्याजवळच्या गाठींतून जाते. या गाठी माळेतल्या मण्यांसारख्या ओळीने असतात. त्या गाठीत पहिला तंतू दुसऱ्याला निरोप देतो तो अॅसिटिलकोलीननेच, हे फेल्डबर्ग व त्यांच्या सहकाऱ्याने १९३४ मध्ये दाखविले. म्हणजे एकाच वाटेवर दोन निरोपे काम करतात. गाठीपर्यंत एक, आणि तेथून हृदयापर्यंत दुसरा.

१९३६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक लोवी आणि डेल या दोघा मित्रांना मिळून देण्यात आले. लोवी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. आता उरलेले आयुष्य ग्रात्समध्ये मानाने आणि सुखाने जाईल, असे कोणालाही वाटले असते.

११ मार्च १९३८ रोजी ऑस्ट्रियाची सत्ता नाझींच्या हाती गेली. त्याच रात्री तीन वाजता सुमारे डझनभर हत्यारबंद तरुण लोवी यांच्या झोपण्याच्या खोलीत घुसले. त्यांना ओढून तुरुंगात नेले. त्यांची दोन मुलेही पकडली गेली. शहरातील शेकडो यहुदी पुरुषांची तीच गत झाली. आपल्याला आता मारून टाकतील, अशी लोवी यांची खात्री झाली.

अशा वेळी माणसाला काय सुचेल? लोवी यांच्या डोक्यात घोळत होता नुकताच पुरा झालेला एक प्रयोग. तो अजून छापला गेला नव्हता. आपण मेलो तर तो आपल्याबरोबर जाईल, ही काळजी त्यांना लागली. त्यांनी पहारेकऱ्याकडे पोस्टकार्ड आणि लेखणी मागितली. पहारेकऱ्याने ती दिली. त्या कार्डावर प्रयोगाचा सारांश लिहून त्यांनी तो एका शास्त्रीय नियतकालिकाच्या नावाने पाठविला. कार्ड गेले तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला स्वस्थता लाभली. अठरा वर्षांपूर्वी चिटोऱ्यावरचे स्वतःचे अक्षर न लागल्यामुळे शोध हातचा जाऊ पाहत होता. या वेळी तसे होऊ द्यायचे नव्हते.

दोन महिन्यांनी त्यांची सुटका झाली. देश सोडण्याची परवानगी सप्टेंबरमध्ये मिळाली, पण फुकट नव्हे. नोबेल पारितोषिकाचे पैसे स्टॉकहोमच्या बँकेत होते. ते नाझींच्या ताब्यातील बँकेत जमा करावेत, असा हुकूम लोवी यांच्याकडून लिहवून घेतला गेला. पत्नीला मागे अडकवून ठेवले, कारण तिच्या नावावर इटलीत मालमत्ता होती आणि तीही त्यांना हवी होती. पतिपत्नींची पुन्हा भेट व्हायला १९४१ साल उजाडले.

रिकाम्या हाताने निघालेले लोवी लंडन, ब्रुसेल्स, ऑक्सफर्ड असे फिरत अखेर १९४० मध्ये अमेरिकेला पोहोचले. वाटेतली एक हकीकत ते पुढे हसत हसत सांगत. व्हिसाच्या वेळी डॉक्टरी तपासणीचा दाखला बंद पाकिटात मिळाला होता. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर तो उघडला गेला, तेव्हा त्यांना दिसले, की हा गृहस्थ म्हातारपणाने दुर्बल असून पोट भरण्यास असमर्थ आहे, असे त्यात लिहिले आहे. तेथील अधिकाऱ्याने सुदैवाने त्याकडे दुर्लक्ष केले. पोट भरण्यास असमर्थ ठरलेला हा गृहस्थ पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात औषधशास्त्राचा प्राध्यापक म्हणून काम करीत राहिला. १९४६ मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. नव्या देशात, नव्या भाषेत, सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून मांडामांड करणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्ष प्रयोग आता थोडे झाले. पण उन्हाळ्यात ते वुड्स होल येथील समुद्रकाठच्या संशोधनकेंद्रात जात, आणि तरुण मंडळी त्यांच्याभोवती जमत. १९५८ मध्ये पत्नी वारली. २५ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे लोवी यांचे निधन झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी त्यांचे चरित्र कोणी लिहावे? मित्र हेन्री डेल यांनीच लिहिले. तेव्हा त्यांचे स्वतःचे वय सत्याऐंशीच्या घरात होते.

आता, त्या दोन बेडकांच्या हृदयांचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात आहे.

लोवी यांच्या पाठोपाठ इतरांनी काम पुढे नेले. माणसात आणि इतर सस्तन प्राण्यांत बहुतेक अनुकंपी मज्जातंतूंचे द्रव्य नुसते अॅड्रिनॅलिन नसून त्याचे सख्खे भावंड नॉरअॅड्रिनॅलिन आहे, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखविले. घामाच्या ग्रंथी मात्र याला अपवाद. त्यांच्याकडे जाणारे अनुकंपी तंतू बहुतांशी अॅसिटिलकोलीनच सोडतात. काम झाल्यावर नॉरअॅड्रिनॅलिनचा मोठा भाग मज्जातंतू स्वतःच परत शोषून घेतो, हे न्यूयॉर्कच्या गरीब यहुदी घरात वाढलेल्या ज्युलियस अॅक्सेलरॉड यांनी शोधले. अॅसिटिलकोलीन मोजून बांधलेल्या पुड्यांसारखे ठराविक मापाने सुटते, हे बर्नार्ड कात्स यांनी दाखविले. तेही यहुदी. १९३५ मध्ये जर्मनी सोडून ते लंडनला आले होते. या तिघांना १९७० चे नोबेल मिळाले.

राहिला निरोप घेणारा. १९४८ मध्ये अमेरिकेतील रेमंड अॅल्क्विस्ट यांनी सांगितले, की अॅड्रिनॅलिनचा निरोप घेणारे ग्राही दोन जातींचे आहेत. त्यांना त्यांनी अल्फा आणि बीटा अशी नावे दिली. कुलूप निराळे तर किल्लीही निराळी चालते, तसाच हा प्रकार. रक्तवाहिन्यांवरचे अल्फा ग्राही त्यांना आवळतात. हृदयावरचे बीटा ग्राही त्याला वेग देतात. श्वासनलिकांवर दुसऱ्या प्रकारचे बीटा ग्राही असतात. ते नलिका मोकळ्या करतात. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी यावरून ओळखले, की हृदयाच्या बीटा कुलपात खोटी किल्ली अडकवून ठेवली, तर अॅड्रिनॅलिनचा निरोप आत पोहोचणार नाही आणि थकलेल्या हृदयाला विसावा मिळेल. १९६० च्या दशकात त्यांचे प्रोप्रॅनोलॉल हे औषध आले. १९८८ मध्ये त्यांनाही नोबेल मिळाले.

कुपात होलीमचा डॉक्टर छातीच्या कळेसाठी किंवा हृदयाच्या धडधडीसाठी जी बीटा ब्लॉकर गोळी लिहून देतो, ती याच कुळातली. दम्याचा फवारा नेमके उलट काम करतो. तो श्वासनलिकांचे ग्राही जागे करतो. म्हणूनच दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देत नाहीत, आणि म्हणूनच शेजाऱ्याची गोळी आपण घेऊ नये. तशीच आपली चालू असलेली गोळीही डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये. दाबून ठेवलेले हृदय मग एकाएकी उसळते.

क्षयाचे आणि न्यूमोनियाचे रोगी औषधावाचून मरताना पाहून जो तरुण डॉक्टर रुग्णालयातून बाहेर पडला, त्याच्या कामातून लाखो रोग्यांना औषध मिळाले. नाझींनी त्याचे पैसे घेतले, घर घेतले, नोकरी घेतली. जे त्याने शोधले होते ते मात्र त्यांना घेता आले नाही. ते तोवर छापले गेले होते, इतरांच्या हाती पोहोचले होते.

१९७३ मध्ये लोवी यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हा ऑस्ट्रियाने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. ज्या देशाच्या तुरुंगातून त्यांनी ते पोस्टकार्ड लिहिले, त्याच देशाच्या टपालावर पस्तीस वर्षांनी त्यांचा चेहरा छापला गेला.